पिक-अप ट्रकवरील नामचिन्हे

मोटारगाडीच्या बाह्यांगावर निर्मात्याचे नाव, बोधचिन्ह, गाडीचा प्रकार, एंजिनाची जात किंवा भारक्षमता दर्शविण्यासाठी बसविलेल्या धातूच्या अथवा प्लॅस्टिकच्या अक्षरांना व आकृतींना नामचिन्हे म्हणतात. इंग्रजीत त्यांना बॅज किंवा एम्ब्लेम म्हणतात. भारतातील सुट्या भागांच्या बाजारात मात्र ‘मोनोग्राम’ हा शब्द रूढ आहे. पुढे चालककक्ष आणि मागे उघडा हौदा असलेले हलके मालवाहू वाहन म्हणजे पिक-अप ट्रक. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हे वाहन शेती व बांधकाम यांपुरते न राहता घरोघरी वापरात आले. त्यावरील नामचिन्हे काढून टाकणे, त्यांचा रंग बदलणे किंवा त्यांच्या जागी मालकाच्या पसंतीची चिन्हे बसविणे ही तेथे एक मोठी हौस आणि तिच्या आधाराने चालणारा एक व्यवसायही झाला आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अमेरिकेतील पिक-अप ट्रकांचा विचार केला आहे.

नामचिन्हांचे कार्य दुहेरी असते. पुढच्या जाळीवरील बोधचिन्ह गाडी कोणी बनविली हे सांगते. दोन्ही बाजूंच्या मडगार्डांवरील, दरवाज्यांवरील आणि हौद्याच्या मागील फाळक्यावरील अक्षरे व आकडे ती गाडी काय करू शकते हे सांगतात. पहिल्या प्रकारचे चिन्ह काढले तरी गाडीच्या उपयोगात काही फरक पडत नाही (याला अलीकडे एक अपवाद निर्माण झाला आहे, त्याचा उल्लेख पुढे येईल). दुसऱ्या प्रकारचे चिन्ह काढले तर गाडी ओळखण्याचे एक साधन नाहीसे होते आणि त्याच्या जागी दुसरे लावले तर ती खोटी ग्वाही ठरते. हौशी मालकांच्या चर्चेत या दोहोंची सरमिसळ होते आणि सर्व प्रश्न केवळ आवडीनिवडीचा आहे असे मानले जाते. ते बरोबर नाही.

इतिहास : कारखान्यातच पूर्ण तयार झालेला पहिला फोर्ड पिक-अप एप्रिल १९२५ मध्ये विक्रीस आला. तो ‘मॉडेल टी’ या गाडीवर आधारलेला असून त्याची किंमत २८१ डॉलर होती. त्या काळी निर्मात्याचे नाव शीतकाच्या (रेडिएटरच्या) कवचावर उठविलेले असे. फोर्ड या नावाचे वळणदार अक्षरांतील रूप चाइल्ड हॅरल्ड विल्स या अभियंत्याने तयार केले होते. शेव्हरोलेचे ‘बो-टाय’ या नावाने ओळखले जाणारे चिन्ह १९१३ पासून वापरात आहे. ते संस्थापक विल्यम ड्युरंट यांना पॅरिसमधील एका हॉटेलच्या भिंतीवरील कागदात दिसले, अशी एक कथा कंपनीने दीर्घकाळ सांगितली. त्यांच्या पत्नीच्या मते मात्र ते वर्तमानपत्रातील एका जाहिरातीवरून सुचले होते. डॉजच्या गाड्यांवर बॉनेटवरील शोभाकृती म्हणून मेंढ्याची (‘रॅम’) प्रतिमा १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत आली. ती अव्हार्ड फेअरबँक्स या शिल्पकाराने घडविली. १९८१ मध्ये डॉजच्या पिक-अप ट्रकांना ‘रॅम’ हे नाव मिळाले आणि २००९ मध्ये रॅम हे डॉजपासून वेगळे असे स्वतंत्र व्यापारनाम झाले. एके काळी शोभेसाठी असलेले चिन्ह अशा रीतीने निर्मात्याचेच नाव होऊन बसले.

ट्रकाच्या बाबतीत सर्वांत ठळक चिन्ह पुढे नसून मागे असते. पिक-अपचा फाळका ही रुंद, सपाट व मागून येणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सतत राहणारी जागा होय. निर्मात्यांनी दीर्घकाळ या पत्र्यावरच ठोकसाच्याने अक्षरे उठविली. यामुळे वेगळे चिन्ह बसविण्याचा खर्च वाचतो व पत्र्याला थोडी ताठरताही येते. मध्यंतरी ही अक्षरे मागे पडून चिकटविलेली चिन्हे व रंगीत पट्ट्या आल्या. पुढे २०१६ चा टोयोटा टॅकोमा व २०१९ चा शेव्हरोले सिल्व्हराडो यांसारख्या ट्रकांतून ठोकून उठविलेले मोठे नाव पुन्हा परतले. उठविलेली अक्षरे काढता येत नाहीत. त्यामुळे हौशी मालकांनी रंगाचा आधार घेतला. टोयोटाच्या जुन्या लहान पिक-अपवरील ‘टोयोटा’ या शब्दाच्या रोमन लिपीतील सहा अक्षरांपैकी काही अक्षरे गाडीच्याच रंगाने बुजवून उरलेल्या अक्षरांतून ‘यो’ किंवा ‘टॉय’ (खेळणे) असा शब्द साधण्याची प्रथा अमेरिकेतील तरुणांत लोकप्रिय झाली. या ट्रकांसाठी ‘योटा’ हे लाडके नावही रूढ आहे. रंगाचा एक डबा व चिकटपट्टी एवढ्यावर साधणारा हा फेरबदल विनोदबुद्धीच्या दृष्टीने पुष्कळ खर्चिक प्रकारांपेक्षा सरस म्हणावा लागेल.

आकडे व त्यांचा अर्थ : फोर्डच्या ‘एफ’ मालिकेचा आरंभ १९४८ मध्ये झाला. १९५३ मध्ये तिच्यातील सर्वांत हलक्या ट्रकाला एफ-१०० हे नाव मिळाले. १९७५ मध्ये आलेल्या एफ-१५० मागे बाजारापेक्षा कायद्याची प्रेरणा अधिक होती. भारासह एकूण वजनाची मर्यादा ६,००० पौंडांहून (सु. २,७२० किग्रॅ.) अधिक असलेल्या ट्रकांना त्या वेळचे उत्प्रेरकी परिवर्तक व शिसेविरहित पेट्रोल यांविषयीचे निर्बंध लागू नव्हते. म्हणून क्षमता थोडी वाढवून ही मर्यादा ओलांडणारा ट्रक काढण्यात आला आणि त्याला एफ-१०० व एफ-२५० यांच्यामधील आकडा देण्यात आला. शेव्हरोले, जीएमसी व रॅम यांच्या ट्रकांवर १५००, २५०० व ३५०० असे आकडे असतात. हे वर्ग बोलीत अनुक्रमे ‘अर्ध्या टनाचा’, ‘पाऊण टनाचा’ व ‘एक टनाचा’ म्हणून ओळखले जातात. मुळात हे आकडे भारक्षमतेचे असले, तरी आजचा अर्ध्या टनाचा ट्रक बहुधा त्याहून अधिक भार वाहतो; आकडा उरला आहे तो वर्गाची खूण म्हणून. यांखेरीज चारही चाकांना शक्ती मिळत असल्याचे दर्शविणारे ‘४ × ४’ हे चिन्ह, डीझेल एंजिन बनविणाऱ्या कमिन्स कंपनीचे नाव अशी चिन्हेही आढळतात.

वर्ग दर्शविणाऱ्या आकड्यांमागे स्प्रिंगा, आस, ब्रेक, चाके व सांगाडा यांची वेगवेगळी बांधणी असते. त्यामुळे १५०० या वर्गातील ट्रकावर २५०० हा आकडा चिकटविणे हा निरुपद्रवी विनोद राहत नाही. असा ट्रक दुसऱ्या, तिसऱ्या हाती गेला आणि नव्या मालकाने आकड्यावर विश्वास ठेवून त्याला जड ट्रेलर जोडला, तर उतारावर ब्रेक अपुरे पडण्याचा धोका संभवतो. अमेरिकेत प्रत्येक वाहनावर, सामान्यतः चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवर, भारासह एकूण वजनाची व प्रत्येक आसावरील भाराची मर्यादा छापलेली प्रमाणपट्टी असावी लागते. वापरलेला ट्रक विकत घेणाऱ्याने ही पट्टी पाहावी. फाळक्यावरील आकडा हा पुरावा नव्हे.

नाव एकाचे, गाडी दुसऱ्याची : चिन्ह बदलण्याची कला मालकांनी शोधून काढली असे नाही, निर्मात्यांनीच ती मोठ्या प्रमाणावर राबविली. १९७२ मध्ये शेव्हरोलेने ‘लव्ह’ या नावाने विकलेला लहान पिक-अप जपानच्या इसुझू कंपनीचा होता, तर त्याच सुमारास आलेला फोर्ड ‘कुरिअर’ हा माझदाचा होता. अमेरिकेने १९६४ पासून आयात हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात बसविली होती. ती टाळण्यासाठी हे ट्रक हौद्याशिवाय आणून हौदा अमेरिकेत बसवीत. ही पळवाट १९८० मध्ये बंद झाली. १९९४ पासून उलटा प्रकार घडला : अमेरिकेतील माझदाचा पिक-अप म्हणजे फोर्डचा ‘रेंजर’च होता. भारतात २०१९ मध्ये आलेली टोयोटाची ‘ग्लान्झा’ ही मुळात मारुती सुझुकीची ‘बलेनो’ होय. एकाच गाडीवर दोन नावे लावून विकण्याची ही पद्धत प्रतिष्ठित मानली जाते. हौशी मालकाने तेच केले तर तो मात्र हास्याचा विषय होतो.

चिन्हे काढण्याची परंपरा : कारखान्यातून आलेल्या गाडीचे रूप बदलण्याची चळवळ दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात भरास आली. बॉनेटवरील चिन्ह व शोभाकृती काढून भोके बुजविण्यास ‘नोझिंग’ आणि मागील डिकीवरील चिन्हे काढण्यास ‘डेकिंग’ म्हणत. लॉस अँजेल्स परिसरातील सॅम व जॉर्ज बॅरिस या बंधूंच्या कार्यशाळेने १९५२ मध्ये रूपांतरित केलेली १९५१ ची मर्क्युरी गाडी या शैलीचा नमुना मानली जाते. चिन्हे, दरवाज्यांच्या मुठी व इतर उठाव काढल्यावर गाडीचा आकार अखंड प्रवाही दिसतो, हे या कारागिरांचे सौंदर्यतत्त्व होते. भोके व सांधे बुजविण्यासाठी ते शिसे व कथिल यांची मिश्रधातू तापवून पत्र्यावर पसरवीत व कानशीने घासून सपाट करीत. शिशाची धूळ व वाफ विषारी असल्याने या कामाची किंमत अनेक कारागिरांना आरोग्याच्या रूपाने मोजावी लागली. पुढे पॉलिएस्टर रेझिनाची लांबी प्रचारात आली आणि शिसे मागे पडले. १९७० व १९८० च्या दशकांत जपानी बनावटीच्या लहान पिक-अपांवर हीच शैली अवतरली. फाळक्यावरील उठविलेली अक्षरे झाकण्यासाठी त्यावर नवा सपाट पत्रा जोडण्याचे काम तेव्हा विशेष कौशल्याचे मानले जाई, कारण पातळ, रुंद पत्रा जोडकामाच्या उष्णतेने सहज वाकतो.

चिन्हे काढण्यामागील हेतू सर्वांचे सारखे नसतात. कोणास निर्मात्याची फुकट जाहिरात नको असते. कोणास धुताना कापड अडकविणारी व मळ साठविणारी अक्षरे नकोशी होतात. कोणास सामान्य गाडी महाग प्रकारासारखी, तर कोणास महाग गाडी सामान्य दिसावी असे वाटते. जर्मनीत गाडीची मागणी नोंदवितानाच प्रकारदर्शक अक्षरे न लावण्याचा पर्याय काही कंपन्या देतात. चिन्ह हे मताचेही वाहन होऊ शकते. २०२५ मध्ये टेस्ला कंपनीच्या प्रमुखाच्या राजकीय भूमिकेशी असहमत असलेल्या काही मालकांनी आपल्या गाड्यांवर इतर कंपन्यांची चिन्हे लावल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. १९८७ च्या सुमारास एका लोकप्रिय अमेरिकन संगीतसमूहातील गायक फोक्सवॅगनचे चिन्ह गळ्यात घालीत असल्याने त्याच्या चाहत्यांनी रस्त्यावरील गाड्यांची चिन्हे चोरण्याचा सपाटा लावला होता. त्या गाड्यांच्या मालकांची चिन्हे त्यांच्या इच्छेविरुद्ध निघाली, एवढाच येथे फरक.

बांधणी व जोडणी : चिन्ह कसे निघेल हे ते कसे बसविले आहे यावर अवलंबून असते. आरंभीची चिन्हे पितळ किंवा तांबे यांवर काचमिना चढवून केलेली असत. नंतर जस्ताच्या मिश्रधातूचे साच्यात दाबाने ओतकाम करून त्यावर क्रोमियमाचा मुलामा देऊ लागले. अशा चिन्हांच्या पाठीला खुंट्या असत आणि त्या पत्र्यातील भोकांतून आत घालून मागून स्प्रिंगच्या चकत्यांनी किंवा नटांनी आवळीत. आजची बहुतेक चिन्हे एबीएस या प्लॅस्टिकाची असून त्यांवर तांबे, निकेल व क्रोमियम यांचे थर विद्युत् विलेपनाने दिलेले असतात. ती सु. १ मिमी. जाडीच्या, दोन्ही बाजूंनी चिकट अशा ॲक्रिलिक फेसाच्या पट्टीने चिकटवितात. या प्रकारची अतिशय मजबूत पट्टी थ्रीएम कंपनीने १९८० मध्ये बाजारात आणली. ही पट्टी घन व दाट द्रव यांच्या सीमेवर वागते : झटक्याने ओढल्यास ती घट्ट राहते, सावकाश व सतत ताण दिल्यास लांबत जाते आणि तापविल्यास मऊ पडते. चिन्ह काढण्याच्या कृतीतील जवळजवळ सर्व युक्त्या या तीन गुणधर्मांतून निघतात.

काढण्याची कृती : प्रथम त्या जागेची धूळ धुऊन काढतात, राहिलेली वाळू पुढे दोरीखाली सापडून रंगावर ओरखडे पाडते. नंतर चिन्हामागे खुंट्या आहेत काय हे पाहतात. फाळक्याचे आतील झाकण किंवा बॉनेट उघडून पत्र्याची मागील बाजू तपासणे हा खात्रीचा मार्ग होय. काही चिकट चिन्हांना केवळ जागा नेमकी साधण्यासाठी लहान खुंट्या असतात. त्या ध्यानात न आल्यास दोरी मध्येच अडते आणि जोर लावला की पत्रा पिचतो.

केस वाळविण्याच्या यंत्राने, उष्ण हवेच्या पिचकारीने (हीट गन) किंवा गरम पाण्यात भिजविलेल्या कापडाने चिन्ह व भोवतालचा पत्रा तापवितात. हाताला चटका बसेल पण हात अगदीच ठेवता येणार नाही असे नाही, इतपत म्हणजे सु. ६० ते ७०° से. तापमान पुरते. कारखान्यातील मूळ रंग याहून बऱ्याच अधिक तापमानाला भाजलेला असल्याने तो हे सहन करतो. दुरुस्तीच्या कार्यशाळेत नंतर दिलेला रंग तितका टिकाऊ असेलच असे नाही. हीट गन एकाच जागी धरल्यास रंगाला फोड येतात व प्लॅस्टिकचे चिन्ह वाकते. पट्टी मऊ झाल्यावर मासेमारीची नायलॉनची दोरी किंवा दात साफ करण्याचा धागा चिन्हामागे घालून दोन्ही हातांनी करवतीसारखा पुढेमागे ओढतात. दोरी पत्र्याकडे न झुकविता चिन्हाकडे ठेवावी. स्क्रू ड्रायव्हर किंवा पोलादी पट्टी घालून चिन्ह उचकटण्याचा मोह टाळावा. बहुतेक कायमचे नुकसान या एका घाईने होते.

चिन्ह निघाल्यावर पत्र्यावर फेसाचे अवशेष राहतात. ते पुन्हा तापवून अंगठ्याने गुंडाळीत काढणे सर्वांत निर्धोक, परंतु वेळखाऊ असते. ड्रिल यंत्राला लावायचे खोडरबरासारखे चाक हे काम झपाट्याने करते. ते कमी वेगाने व सतत हलते ठेवावे लागते, नाही तर घर्षणाच्या उष्णतेने रंग करपतो. उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहॉल किंवा खनिज तेलापासून केलेले सौम्य विद्राव (विरघळविणारे पदार्थ) यांनी पुसतात. आपल्याकडील गॅरेजांत यासाठी रॉकेल वापरतात. ते काम भागविते, परंतु मागे तेलकट थर ठेवते आणि तो साबणाने धुतल्याखेरीज त्यावर दुसरे काही चिकटत नाही. थिनर मात्र वर्ज्य समजावा, कारण तो चिकट्याबरोबर रंगही उतरवू शकतो.

यानंतर बहुधा एक अनपेक्षित गोष्ट दिसते : चिन्ह निघाले तरी नाव जात नाही. चिन्हाखालील रंग ऊन, पाऊस व जंबुपार किरण यांपासून सुरक्षित राहिलेला असतो आणि भोवतालचा रंग वर्षानुवर्षे फिका पडलेला असतो. त्यामुळे मूळ अक्षरे गडद छायेच्या रूपाने स्पष्ट वाचता येतात. लाल व काळ्या गाड्यांत हा परिणाम विशेष जाणवतो, पांढऱ्यांत कमी. उपाय चिन्हाच्या जागी नसून भोवतालच्या रंगावर करावा लागतो. बारीक अपघर्षकाने घासून त्याचा वरचा निस्तेज थर काढतात. आधुनिक गाडीवरील सर्व थरांची मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रोमीटर असते आणि त्यातील वरचा पारदर्शक थर सु. ४० ते ५० मायक्रोमीटरांचाच असतो. त्यातील फार थोडा भाग घासून काढणे परवडते. जंबुपार किरण शोषणारी द्रव्ये याच थरात असतात. रंग खोलवर फिका पडलेला असल्यास घासून उपयोग होत नाही. अशा वेळी संपूर्ण पत्रा रंगविणे किंवा त्याच जागेवर थोडे मोठे चिन्ह बसविणे हे दोनच मार्ग उरतात. दहा वर्षे वापरलेल्या ट्रकाचे चिन्ह काढण्यापूर्वी याचा विचार केलेला बरा.

खुंट्यांच्या चिन्हाखाली भोके असतात. ती नुसत्या लांबीने बुजविल्यास मागून पाणी शिरून काही काळाने रंगाला फुगे येतात. म्हणून पोलादी पत्र्यात भोकावर जोडकाम करून मगच लांबी भरतात. २०१५ पासून फोर्ड एफ-१५० ची बाह्य काया ॲल्युमिनियम मिश्रधातूची असते. ती पोलादासारखी गंजत नाही. परंतु तिच्यात साधा पोलादी स्क्रू बसविल्यास दोन धातूंच्या संपर्कामुळे विद्युत् रासायनिक झीज सुरू होते. लोहचुंबकाने लावायची चिन्हेही तिच्यावर टिकत नाहीत, हे अनेकांना ती विकत घेतल्यानंतरच कळते.

नवी चिन्हे : मूळ चिन्ह न काढता त्यावर काळी व्हिनाइल फिल्म किंवा सोलून काढता येणारा रबरी रंग देणे हा सर्वांत स्वस्त प्रकार. मूळ चिन्ह काढून, त्याचा पृष्ठभाग खरखरीत करून त्यावर प्लॅस्टिकला धरणारा अस्तर-रंग व मग काळा किंवा गाडीचाच रंग देणे हे अधिक टिकाऊ असते. क्रोमियमच्या गुळगुळीत पृष्ठावर थेट दिलेला रंग लवकर सुटतो. फाळक्यावरील उठविलेल्या अक्षरांच्या खोबणीत नेमकी बसणारी प्लॅस्टिकची अक्षरे आता सर्वत्र मिळतात. २०१० च्या फोर्ड ‘रॅप्टर’ या पिक-अपवर लंबगोल चिन्हाऐवजी जाळीत मोठ्या अक्षरांत नाव घातले होते. त्याचे अनुकरण साध्या एफ-१५० च्या मालकांनी इतके केले की तशा जाळ्यांचा वेगळा बाजारच उभा राहिला. नवे चिन्ह चिकटविताना पत्रा अल्कोहॉलाने पुसून, जुन्या जागेची मापे आधी चिकटपट्टीने आखून घेतात आणि दाबून बसविल्यावर निदान एक दिवस गाडी धूत नाहीत.

मागे उल्लेखिलेला अपवाद असा : समोरील वाहनाचे अंतर मोजून आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचे रडार अलीकडे पुष्कळदा पुढच्या बोधचिन्हामागे बसवितात. टोयोटा टॅकोमात २०१८ पासून अशी योजना होती. या रडारांची कंप्रता सु. ७७ गिगाहर्ट्झ व तरंगलांबी सु. ४ मिमी. असते. एवढ्या आखूड लहरींना आवरणाची जाडी व द्रव्य यांतील लहान फरकही बाधतो. म्हणून हे चिन्ह सपाट असते आणि त्याला धातूची चकाकी आणण्यासाठी, उदाहरणार्थ, इंडियमाचा सूक्ष्म बेटांसारखा तुटक थर देतात. अखंड धातूचा थर लहरी परतवून लावील. अशा चिन्हावर धातूचे कण असलेला रंग किंवा दुसरे चिन्ह लावल्यास यंत्रणा बंद पडू शकते किंवा तिचा अंदाज चुकू शकतो. काही पिक-अपांत मागील चिन्हाजवळच मागचे दृश्य दाखविणारा कॅमेरा असतो. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या हलक्या वाहनांत हा कॅमेरा सक्तीचा आहे. येथे चिन्ह हा अलंकार राहिलेला नसून यंत्राचा भाग झाला आहे.

कायदा : स्वतःच्या गाडीवरील नामचिन्ह काढणे अमेरिकेत गुन्हा नाही. मात्र १९८१ पासून सतरा अक्षरांकांचा असलेला वाहन ओळखक्रमांक काढणे किंवा बदलणे हा १९८४ च्या कायद्यानुसार संघीय गुन्हा आहे. चिन्हांची नक्कल करून विकणे हाही वेगळा प्रश्न आहे. फोक्सवॅगन व आउडी यांची चिन्हे असलेल्या वस्तू परवान्याशिवाय विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने, ग्राहकास चिन्ह सुंदर वाटते म्हणून ते सर्वांना वापरता यावे, असा बचाव केला होता; अमेरिकेच्या नवव्या मंडल अपील न्यायालयाने तो २००६ मध्ये फेटाळला. युरोपात पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेचा विचार प्रभावी ठरला. प्रवासी मोटारींच्या बाह्य उठावांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २६ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे १० मिमी.पेक्षा अधिक बाहेर आलेली शोभाकृती ठरावीक जोर पडताच वाकली, आत गेली किंवा निखळली पाहिजे. बॉनेटवरच्या उभ्या आकृती दुर्मिळ होण्याचे हे एक कारण होय.

विजेवर किंवा वायुइंधनावर चालणाऱ्या वाहनांबाबत ओळखीचा प्रश्न गंभीर होतो. २०२२ मध्ये विक्रीस आलेला विद्युत् पिक-अप एफ-१५० ‘लाइटनिंग’ दुरून पेट्रोलच्या एफ-१५० सारखाच दिसे. अपघातानंतर दरवाजा कापणाऱ्या अग्निशमन दलाच्या जवानास आत उच्च दाबाची विद्युत्‌घटमाला आहे हे प्रथम बाहेरील चिन्हावरून कळते. एसएई या अभियंत्यांच्या संघटनेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशीत संकरित व विद्युत् वाहनांवर अशी ओळखचिन्हे असावीत असे म्हटले आहे. अशा ट्रकाची सर्व चिन्हे काढून टाकणारा मालक आपल्या सुटकेला येणाऱ्यांचे काम अवघड करून ठेवतो. भारतात २०१८ पासून विद्युत् वाहनांना हिरव्या रंगाची क्रमांकपाटी दिली जाते. पाटी काढता येत नसल्याने ही ओळख मालकाच्या हौसेवर अवलंबून राहत नाही.

भारतातील स्थिती : भारतात ट्रकावरील चिन्ह बदलण्याचा सर्वांत मोठा प्रसंग कारखान्यातच घडला. टेल्को कंपनीने १९५४ पासून जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेटपूर येथे ट्रक बनविले. त्यांच्या जाळीवर मर्सेडीझ-बेंझचा तीन टोकांचा तारा असे. १९६९ मध्ये करार संपल्यावर त्याची जागा टाटांच्या इंग्रजी ‘टी’ने घेतली. टेल्कोचा पहिला पिक-अप ‘टाटामोबिल’ १९८८ मध्ये आला. भारतीय पिक-अप हे मुख्यतः उपजीविकेचे साधन असल्याने येथे मालक चिन्हे काढण्यापेक्षा भर घालतो : देवाचे, गावाचे, मुलांचे नाव, लिंबू-मिरची, आणि फाळक्यावर पेंटरच्या कुंचल्यातून उतरलेली अक्षरे. ‘हॉर्न ओके प्लीज’ ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ओळ व्यावसायिक वाहनांवर लिहिण्यास महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी करण्यात आली. कारण ती वाचून मागचे चालक विनाकारण भोंगा वाजवितात असे आढळले. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ कडकपणे लावला. मोनोग्राम काढल्याने प्रमाणपत्रातील निर्माता, प्रकार किंवा सांगाडा क्रमांक यांत फरक पडत नाही. जुन्या ट्रकाचा सौदा करताना जाणकार ग्राहक फाळक्यावरील नावाकडे न पाहता सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक बोटाने घासून, नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहतो.